लिओनिदास पेगेरो, डावखुरा

"आवाज वाढवू का?" सिरिलो न्हावी दुकानाच्या दारातून म्हणाला. "तुझीच बातमी लागलीय."

एवारिस्तो दोन्ही हातांत दोन-दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेऊन रस्ता ओलांडत होता. तो मध्येच थांबला. एक मोटरसायकल त्याला वळसा घालून, त्याच्या आईची आठवण काढत पुढे गेली.

मंत्री मेल्यावर काढतात तो आवाज काढून रेडिओवरचा माणूस वाचत होता. बेसबॉलचे माजी पिचर लिओनिदास पेगेरो यांचं काल सान पेद्रो इथे झोपेत निधन झालं. ते चोपन्न वर्षांचे होते. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये खेळलेला हा डावखुरा पिचर आपल्या साधेपणाबद्दल प्रसिद्ध होता. अंत्यविधी आज दुपारी चार वाजता.

"चोपन्न," सिरिलो वस्तरा पुसत म्हणाला. "मेल्यावर तरी माणसानं खरं वय सांगावं."

"मी नाही सांगितलं."

"आणि साधेपणा? तू पांढरी गाडी घेऊन आला होतास, तेव्हा दोन गल्ल्या सोडून लावायचास. का, तर चालत येताना लोकांनी बघावं."

एवारिस्तो खुर्च्या घेऊन पुढे निघाला. मेला होता तो निदो, त्याचा चुलत भाऊ, साखर कारखान्यातला पंप दुरुस्त करणारा. काल दुपारी भात आणि राजमा खाऊन तो अंगणातल्या झुल्यात आडवा झाला, तो उठलाच नाही. निदोचं पाळण्यातलं नाव लिओनिदास. पण पिचर तो कधीच नव्हता. पिचर होता एवारिस्तो. बारा वर्षं तो लिओनिदास या नावानं बॉल टाकत होता. कारखान्यामागच्या वस्तीत ही गोष्ट कोंबड्यांनाही ठाऊक होती. वस्तीबाहेर ती कुणालाच ठाऊक नव्हती, आणि अडतीस वर्षं ती तिथंच राहिली याचं श्रेय कोंबड्यांनाही द्यायला हवं.

शहाऐंशी साली रुफिनो नावाचा गृहस्थ पोरं हेरत वस्तीत आला होता. गळ्यात स्टॉपवॉच, डोक्यावर गवती टोपी. एवारिस्तोचे वीस बॉल पाहून झाल्यावर त्यानं टोपी काढली.

"हात सोन्याचा आहे. वय?"

"वीस."

रुफिनोनं टोपी परत डोक्यावर ठेवली. "वीस वर्षांचा पिचर अमेरिकन लोकांना चालत नाही. त्यांना सोळाचा लागतो. म्हणजे त्याला ते आपल्या हातानं बिघडवू शकतात."

एवारिस्तोची आई आणि काकू स्वयंपाकघरात होत्या. चुलीवर राजमा शिजत होता. तो शिजेपर्यंत सगळं ठरलं. यात वस्तीला काही आक्रीत वाटलं नाही. त्या काळी त्या गल्लीत जुळी नसलेली जुळी बरीच होती. तिसऱ्या घरातला एक जण तर स्वतःच्या धाकट्या भावाच्या नावानं खेळत होता, आणि तो भाऊ अजून पहिलीत होता.

निदोला कुणी विचारलं नाही. तो सोळा वर्षांचा होता आणि त्या वेळी मैदानावर एवारिस्तोचे बॉल झेलत होता. हातात ग्लोव्ह होता तो दुधाच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून केलेला. संध्याकाळी त्याला सांगितलं, तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "परत कधी देणार?"

"दोन वर्षांत," एवारिस्तो म्हणाला.

निदोला बदल्यात एवारिस्तोचे कागद मिळाले. सोळाव्या वर्षी तो वीस वर्षांचा झाला आणि पुढच्याच महिन्यात कारखान्यात लागला. कारखान्याच्या हजेरीत तो एवारिस्तो पेगेरो होता. तो एवारिस्तो पेगेरो म्हणून पगाराच्या रांगेत उभा राहायचा, मत द्यायचा, आजारी पडायचा. कागदावर चार वर्षं मोठं असण्याचा एकच फायदा होता: निवृत्ती चार वर्षं आधी मिळणार होती. तिला दोन वर्षं उरली असताना तो झुल्यात आडवा झाला.

इकडे लिओनिदास पेगेरो अमेरिकेत बसनं फिरत होता. लहान गावं, लहान मैदानं, जेवायला रोज तेच कोंबडीचं सँडविच, कारण मेनूतला तेवढाच शब्द त्याला म्हणता यायचा. सात वर्षं त्याला एका गावाहून दुसऱ्या गावी असं पाठवत होते, जसा पोस्टात पत्ता नीट न लिहिलेला लखोटा फिरतो. वस्तीतल्या दुकानातल्या फोनवर निदो येऊन बसायचा.

"माझं नाव कसं आहे?" तो विचारायचा.

"बरं आहे. इथं बर्फ पडतोय."

"थंडीत बाहेर काढू नकोस त्याला. सवय नाही."

त्र्याण्णवच्या ऑगस्टात त्याला मोठ्या लीगमध्ये बोलावलं. एकोणीस दिवस. त्यातल्या एका दुपारी, सातव्या डावात, दोन बॅटर बाद असताना त्याला आत पाठवलं. त्यानं तीन बॉल टाकले. तिसरा बॅटरनं उंच उडवला आणि कुणीतरी तो झेलला. मग त्याच्या संघानं धावा काढल्या, आणि नियमानुसार विजय त्याच्या नावावर लागला, म्हणजे निदोच्या. तो बॉल त्यानं गावी पाठवून दिला. निदोनं तो काचेच्या कपाटात, संतांच्या रांगेत, संत लाझारसच्या डावीकडे ठेवला. निदोच्या पोरांना बरीच वर्षं तोही एक संत वाटत होता.

अमेरिकेत त्याचं लग्नही झालं. त्या बाईनं लग्न लिओनिदासशी केलं आणि तीन वर्षांनी ती सोडून गेली तीही लिओनिदासलाच. एवारिस्तोला त्यामुळे फारसं लागलं नाही, असं तो सांगायचा.

हिवाळ्यात तो घरी यायचा आणि गावच्या क्लबकडून खेळायचा. शहाण्णवच्या जानेवारीत क्लब अंतिम सामन्यात पोचला. नववा डाव, एका धावेची आघाडी, दोन बॅटर बाद, बेसवर दोघे. बॉल झेलणारा कॅचर रेमिहिओ गुडघ्यांवर बसला आणि त्यानं मांडीच्या आड चार बोटं दाखवली. एक बोट म्हणजे सरळ, वेगवान बॉल. चार बोटं म्हणजे फसवा: हात तितक्याच जोरात येतो, बॉल मात्र हळू. एवारिस्तोनं मान हलवली. नको. रेमिहिओनं पुन्हा चार दाखवली. एवारिस्तोनं पुन्हा मान हलवली. मग त्यानं सरळ टाकला, आणि बॅटरनं तो भिंतीपलीकडे, रस्त्यापलीकडे, शहाळी विकणाऱ्याच्या गाड्यात घातला.

गाव हरलं. एवारिस्तो दुसऱ्या दिवशी विमानात बसला. निदोला मात्र सकाळी सातच्या पाळीला जायचं होतं. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर काळ्या अक्षरांत नाव त्याचं होतं. कारखान्यातल्यांना खरं काय ते माहीत होतं, पण माहीत असण्यानं माणसाच्या करमणुकीत काही बिघाड येत नाही. महिनाभर रोज कुणीतरी निदोच्या जेवणाच्या डब्यात एक बॉल ठेवायचं. फोरमन हाक मारायचा, "लिओनिदास, तो पंप घे, पण सरळ टाकू नकोस." खऱ्या नावानं हाक ऐकायला त्याला दहा वर्षं लागली होती, आणि मिळाली ती अशी.

"माझ्या नावानं टाकतोस," पुढच्या हिवाळ्यात निदो हसत हसत त्याला म्हणाला, "तर कधीतरी मला विचारत जा."

एवढंच. पण त्यानंतर निदो कधी मैदानावर गेला नाही. अठ्ठ्याण्णवला एवारिस्तोचा खांदा गेला. मग नावं परत करायची म्हणून दोघे एका वकिलाकडे गेले. वकिलानं शांतपणे सगळं ऐकलं आणि सांगितलं की होण्यासारखं आहे. आधी दोघांनी तुरुंगात जायचं, बाहेर आल्यावर अर्ज करायचा. दोघे बाहेर येऊन एकेक थंड बिअर प्यायले आणि विषय संपला.

एवारिस्तो पोचला तेव्हा फेफा, निदोची बायको, अंगणात मोठ्या पातेल्यात आल्याचा चहा ढवळत होती. त्यानं खुर्च्या मांडल्या.

"रेडिओला तू कळवलंस?"

"मग कोण कळवणार? नवरा माझा मेलाय."

"लिओनिदास म्हणून?"

"त्याच्या आईनं ठेवलेलं नाव तेच आहे."

"डॉक्टरनं कागदावर एवारिस्तो लिहिलंय."

"डॉक्टरनं ओळखपत्र पाहून लिहिलं. मी माणूस पाहून सांगितलं." फेफानं डाव पातेल्याच्या काठावर आपटला. "चौतीस वर्षं मी एवारिस्तो पेगेरोची बायको आहे. पोरं एवारिस्तो पेगेरोची. विजेचं बिल एवारिस्तो पेगेरोचं. वाटलं, जाताना तरी माझा माणूस जाऊ दे, तू नको. नाव तेवढं सांगितलं मी. बेसबॉल त्यांनी आपल्या मनानं चिकटवला."

"मी फोन करून सांगतो. चूक झाली म्हणून."

"सांग," फेफा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "कारकीर्द तुझी आहे. नाव त्याचं आहे. तुमचं तुम्ही बघा. एक जण बोलायच्या परिस्थितीत नाही, तेव्हा तूच बघ."

एवारिस्तो झुल्याकडे बघत उभा राहिला. कागदावर तो एवारिस्तो म्हणून मेला होता आणि रेडिओवर लिओनिदास म्हणून. दोन्हीकडून जिवंत राहण्याची सोय उरलेली नव्हती.

अकरा वाजता क्लबची गाडी आली. तिच्यातून एक भलंमोठं फुलांचं चक्र उतरलं, मग काळ्या कव्हरची वही, मग एका खोक्यात नवाकोरा ग्लोव्ह, आणि शेवटी यानेलिस नावाची तिशीची बाई. गळ्यात क्लबचं ओळखपत्र होतं. एवारिस्तोनं शेवटचा बॉल टाकला तेव्हा ती बालवाडीत असेल. तिनं फेफाचे दोन्ही हात धरले.

"फेफाबाई, क्लबच्या वतीनं सांगते. रविवारी हंगामाचा पहिला सामना आहे. त्या दिवशी मैदानातल्या मानाच्या भिंतीवर लिओनिदास यांचं नाव लागणार. पितळेचं. तेरावं नाव."

एवारिस्तो कॉफीचा ट्रे घेऊन मागे उभा होता. त्या भिंतीवरची बारा नावं त्याला पाठ होती. सव्वीस वर्षं दर हंगामाच्या आधी तो दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आठवडाभर घरी बसायचा. उगाच, म्हणजे क्लबकडून कुणी आलंच तर. कुणी आलं नाही. आज आलं होतं, तर तो ट्रे धरून उभा होता आणि दाढी केलेली नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. सेन्योरिता, तो पिचर मी. बस.

यानेलिसनं खोक्यातून ग्लोव्ह काढला, शवपेटीपाशी गेली आणि हळुवारपणे तो निदोच्या डाव्या हातावर ठेवला.

"दुसरा हात," एवारिस्तो म्हणाला.

"काय?"

"डावखुरा पिचर म्हणजे टाकायचा हात डावा. ग्लोव्ह उजव्या हातात असतो."

तिचे कान लाल झाले. तिनं ग्लोव्ह उचलून उजवीकडे ठेवला. निदो आयुष्यभर उजव्या हातानं जेवला, उजव्या हातानं पाना फिरवला, पोरांना मारलं तेही उजव्या हातानं. त्याचा तो हात आता ग्लोव्हखाली झाकला गेला. हे आपण का केलं, ते एवारिस्तोला कळलं नाही. ग्लोव्ह चुकीच्या हातावर बघवला नाही, एवढं खरं.

"तुम्ही त्यांना चांगलं ओळखत होता," यानेलिस म्हणाली.

"थोडंफार."

"ए डावऱ्या," सिरिलो दारातून ओरडला, "बर्फ कुठं—" त्याची नजर ओळखपत्रावर गेली. "—ए बाबा, बर्फ कुठं ठेवू?"

दीड वाजता रेमिहिओ आला. सान्तियागोहून पाच तास बस करून आला होता. गुडघे गेलेले, कोट घट्ट, डोळे सुजलेले. गर्दीनं त्याला वाट करून दिली. जुना कॅचर सगळ्यांच्या ओळखीचा होता. तो हुंदके देत शवपेटीशी गेला, वाकला, आणि त्याचा हुंदका मध्येच थांबला.

"हा कोण?" तो कुजबुजला. पण रेमिहिओची कुजबुज साठ फुटांवर ऐकू जायची. तो धंद्याचा भाग होता.

मग त्यानं मान वळवली. समोर एवारिस्तो कॉफीचा ट्रे घेऊन उभा. रेमिहिओनं छातीवर क्रॉस केला आणि मग शिवी घातली, त्याच क्रमानं. एवारिस्तोनं ट्रे सिरिलोच्या हातात दिला आणि रेमिहिओला दंडाला धरून मागच्या अंगणात, फणसाच्या झाडाखाली नेलं. पाच मिनिटांत त्यानं सगळं सांगितलं. अडतीस वर्षांची गोष्ट पाच मिनिटांत बसली, याचंच त्याला वाईट वाटलं.

"म्हणजे तू लिओ नाहीस."

"नाही."

"बत्तीस वर्षं मी तुला लिओ म्हणतोय."

"म्हणत राहा. सवय झालीय."

रेमिहिओनं बोटांवर काहीतरी हिशेब केला. त्याचा चेहरा हळूहळू काळवंडला. "मग खरं वय किती तुझं?"

"अठ्ठावन्न."

"मी छप्पन्न. म्हणजे तू मोठा." तो खुर्चीत बसला. "आणि बसमध्ये खिडकीची जागा दर वेळी तू घ्यायचास. लहान आहे म्हणून."

"ते चुकलंच."

"चुकलंच काय? माझी मान अजून दुखते." मग त्यानं मान चोळली. "ती क्लबवाली मला बोलायला लावणार आहे स्मशानात. मी कुणाबद्दल बोलू?"

"माझ्याबद्दल."

"आणि तू?"

"ते ठरलं नाही अजून."

"गप्प राहिलास तर भिंतीवरचं नाव त्याचं होईल, लिओ. तू कधी खेळलासच नाही, असं होईल. मी मेलो की सांगणाराही उरणार नाही."

"माहीत आहे."

रेमिहिओनं कोटाची बटणं काढली, श्वास घेतला. "मग असं करू. मी बोलता बोलता थांबतो आणि मांडीवर हात ठेवतो. एक बोट म्हणजे सरळ: पिचर तिथं उभा आहे, पेटीत दुसरा आहे, असं सांगून टाकतो. चार म्हणजे फसवा: चाललंय तसं चालू दे. तू ठरव."

"आणि तुझी खूण मला पटली नाही तर?"

"आजवर कधी पटलीय?" रेमिहिओ म्हणाला.

चार वाजता निदोला खांद्यावर घेऊन सगळे निघाले. कारखान्यातले होते, वस्तीतले होते, आणि रेडिओ ऐकून आलेले, निदोला कधीही न पाहिलेले दोनशे लोक होते. काहींनी क्लबच्या टोप्या घातल्या होत्या. फेफा पुढे चालत होती. मध्येच एकदा तिनं मागे वळून गर्दी पाहिली, आणि एवारिस्तोला तिचा चेहरा दिसला. रडून सुजलेल्या त्या चेहऱ्यावर एक नवलच होतं. आपल्या माणसाच्या मागे एवढे लोक येतील, हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं डाव फेकून मारला असता.

सान पेद्रोत पेट्या भिंतीतल्या कप्प्यांत ठेवतात. कप्प्याशेजारी गवंडी सिमेंट कालवत बसला होता. रेमिहिओ एका पायरीवर चढला.

त्यानं बसप्रवास सांगितला. कोंबडीचं सँडविच सांगितलं, लोक हसले. मोठ्या लीगमधले तीन बॉल सांगितले, आणि त्यातला तिसरा बाहेरच्या कोपऱ्यावर होता म्हणाला. तो आतल्या कोपऱ्यावर होता. एवारिस्तोचा जीव तडफडला. स्वतःच्या मयताला आलेल्या माणसाला मध्येच बोलता येत नाही, ही केवढी अडचण असते ते त्याला तेव्हा कळलं. पण लोक माना डोलवत होते. त्या दुपारी मैदानावर टाळ्या झाल्या होत्या की नाही, ते त्याला आठवत नव्हतं. घाबरल्यामुळे कान बंद झाले होते. आज मात्र सगळं ऐकू येत होतं. एका बाईनं शेजारणीला सांगितलं, "बिचारा. तीन बॉल, पण काय बॉल."

"आणि शहाण्णवचा जानेवारी," रेमिहिओ म्हणाला.

कारखान्यातल्या म्हाताऱ्यांनी पायांकडे बघितलं. डब्यात बॉल ठेवणारे त्यांच्यातच होते.

रेमिहिओ थांबला. त्याचा उजवा हात मांडीवर गेला. गुडघे वाकवायचं त्याचं वय राहिलं नव्हतं, पण पाठ आपसूक वाकली. गर्दीच्या डोक्यांवरून त्यानं एवारिस्तोकडे पाहिलं. साठ फुटांचं अंतर असेल.

एक बोट.

एवारिस्तोनं पाहिलं. त्याच्या घशाशी ते वाक्य आलं होतं; सकाळपासून ते तिथंच होतं. पितळेची अक्षरं. इस्त्रीचे सदरे. मग त्याची नजर पेटीवर गेली. झाकणाखाली उजव्या हातावर ग्लोव्ह घेऊन, संत लाझारसशेजारचा बॉल खिशात घालून, अडतीस वर्षांनी स्वतःच्या नावाला परत आलेला माणूस पडला होता. परत कधी देणार, असं त्यानं एकदाच विचारलं होतं. सोळा वर्षांचा असताना.

एवारिस्तोनं मान हलवली. नको.

रेमिहिओच्या भुवया वर गेल्या. त्यानं हात तसाच ठेवला आणि चार बोटं उघडली.

एवारिस्तोनं मान डोलवली.

"त्या दिवशी," रेमिहिओ म्हणाला, "चूक माझी होती. सरळ बॉल मी मागितला. लिओनिदास नको म्हणाला. दोनदा नको म्हणाला. मी ऐकलं नाही. मी कॅचर, मी मोठा, माझा हट्ट. त्यानं माझं ऐकून टाकला आणि मग आयुष्यभर एका शब्दानं कुणाला सांगितलं नाही. शिव्या त्यानं खाल्ल्या. अठ्ठावीस वर्षं झाली. आज सांगतो, कारण आता तो मला अडवू शकत नाही."

मग कारखान्यातल्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. त्याच्या शेजारच्यानं काढली. टोप्या एकेक करून खाली येत गेल्या. फेफानं पदरासारखा रुमाल तोंडाला लावला, पण ती रडत नव्हती. ती त्या टोप्या बघत होती.

पेटी कप्प्यात सरकली. गवंड्यानं विटा लावल्या, सिमेंट थापलं, सारखं केलं आणि कानामागचा खिळा काढला. ओल्या सिमेंटवर त्यानं मोठ्या मेहनतीनं लिओनिदास पेगेरो लिहिलं. फेफा प्रत्येक अक्षराबरोबर ओठ हलवत होती.

"खाली काय लिहू?"

फेफानं एवारिस्तोकडे पाहिलं.

"पिचर," एवारिस्तो म्हणाला.

"कुठल्या हाताचा?" गवंड्यानं विचारलं. नुसतं पिचर लिहिणं त्याला अर्धवट वाटत होतं. तो सान पेद्रोचा होता.

"डावखुरा."

तीस वर्षं निदोशेजारी पाना चालवलेला एक फिटर मागे उभा होता. त्यानं तोंड उघडलं. फेफानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तोंड मिटलं.

ऊन उतरलं. लोक पांगले. रेमिहिओ पायरीवर बसून गुडघे चोळत होता. यानेलिस काळ्या कव्हरची वही घेऊन आली.

"नातेवाइकांच्या सह्या शेवटी घेतेय," ती म्हणाली. "वही क्लबच्या कपाटात राहील, पितळेच्या पाटीखाली. आपण त्यांचे...?"

"चुलत भाऊ."

"आपणही खेळायचात?"

"लहानपणी," एवारिस्तो म्हणाला. "तो टाकायचा, मी झेलायचो. दुधाच्या पुठ्ठ्याचा ग्लोव्ह होता."

"किती छान," यानेलिस म्हणाली आणि तिनं पेन पुढे केलं.

ते त्यानं डाव्या हातानं घेतलं. वही उघडली. समोर भिंतीवर सिमेंट अजून ओलं होतं, आणि शेवटच्या शब्दावर उतरतं ऊन पडलं होतं. त्यानं पेन डाव्या हातातून उजव्या हातात घेतलं.

एवारिस्तो पेगेरो. अडतीस वर्षांत त्यानं हे नाव लिहिलं नव्हतं, आणि या हातानं तर कधीच काही लिहिलं नव्हतं. पहिलं अक्षर ओळीच्या वर गेलं, दुसरं खाली घसरलं. त्यानं जीभ दातांत धरली आणि पुढचं गिरवायला घेतलं.

यानेलिसनं घाई केली नाही. म्हातारी माणसं हळू लिहितात, असं तिला वाटलं असावं.